पावसाळी किनारा आणि छत्तीस चित्रे



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला. तेव्हापासून उन्हाळ्याच्या संध्याकाळी चार माणसांनी एकत्र बसावे आणि काही नवे ऐकावे, अशी चाल आपल्याकडे पडली. पनवेलच्या या व्यासपीठावर मला बोलावले, तेव्हा मी कामगार-कायद्यांवर बोलावे अशी चालकांची अपेक्षा होती. जन्मभर युनियनचे काम केलेल्या माणसाकडून दुसरे काय अपेक्षावे? पण मी विषय मागून घेतला तो फोटोग्राफीचा. त्यातही रोल घालून काढायच्या जुन्या फोटोग्राफीचा, आणि तीही भर पावसाळ्यात, ओस पडलेल्या अलिबागच्या किनाऱ्यावर. विषय बदलला तरी माणूस तोच आहे. तेव्हा हिंडूनफिरून मी कामगारांकडेच येणार, हे आधीच सांगून टाकतो.

माझे शाळेतले शिक्षण नववीपाशी थांबले. पुढे जे काही झाले ते वाचनालयाच्या बाकावर आणि कारखान्याच्या फाटकापाशी झाले. फोटोग्राफीही मी तशीच शिकलो, म्हणजे आधी चुकलो आणि मग शिकलो. तरुणपणी एका संपाच्या वेळी मी जुन्या बाजारातून एक कॅमेरा घेतला आणि फाटकापुढच्या सभेचे छत्तीस फोटो मोठ्या ऐटीत काढले. रोल धुवायला टाकला. दुसऱ्या दिवशी स्टुडिओवाल्याने काचेसारखी स्वच्छ पट्टी माझ्या हातात ठेवली. एकही चित्र उमटलेले नव्हते. रोलचे टोक आतल्या चक्रीत अडकलेच नव्हते; मी नुसती खिटी ओढत होतो आणि फिल्म जागच्या जागी होती. तो म्हणाला, “फोटो काढताना डाव्या हाताची गुंडी फिरते की नाही ते बघत जा. गुंडी फिरली तर फिल्म चालली.” संघटनेच्या कामातही मला हा सल्ला पुष्कळ वेळा आठवला. आपण खिटी ओढत असतो, घोषणा देत असतो. पण दुसऱ्या टोकाची गुंडी फिरते आहे का, हे पाहायचे राहून जाते.

आता ही फिल्म म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. एक पातळ, पारदर्शक पट्टी असते. तिच्यावर जिलेटिनचा लेप असतो आणि त्या लेपात चांदीच्या क्षारांचे, मुख्यतः सिल्व्हर ब्रोमाइडचे, अतिसूक्ष्म कण विखुरलेले असतात. कॅमेऱ्याचा पडदा क्षणभर उघडतो. ज्या कणांवर प्रकाश पडतो त्यांच्यात किंचित बदल होतो. हा बदल इतका अल्प असतो की कोणत्याही भिंगातून पाहिले तरी दिसत नाही. चित्र उमटलेले असते, पण ते सुप्त असते. पुढे अंधारात डेव्हलपरच्या द्रावणात पट्टी बुडवली की बदललेल्या कणांची काळी चांदी होते. राहिलेले कण हायपोमध्ये विरघळून जातात. हायपोचा हा गुण सर जॉन हर्शेल याने १८१९ साली शोधला आणि वीस वर्षांनी फोटोग्राफीचा जन्म झाला तेव्हा तो उपयोगी पडला. हायपो नसता तर काढलेले प्रत्येक चित्र उजेडात आणताच काळे पडले असते.

एका रोलवर छत्तीस चित्रे बसतात. चोवीस मिलिमीटर उंच आणि छत्तीस मिलिमीटर रुंद ही चौकट ऑस्कर बार्नाक याने सिनेमाच्या पट्टीवरून बेतली आणि १९२५ साली लायका कॅमेरा बाजारात आला, तेव्हापासून ती रूढ झाली. आज आपल्या खिशातल्या फोनमध्ये दिवसाला हजार फोटो निघतात आणि त्यांचे मोल पडत नाही. उलट एक रोल आणि त्याची धुलाई मिळून जो खर्च येतो तो बिगाऱ्याच्या एका दिवसाच्या मजुरीहून जास्त असतो. म्हणून कळ दाबण्यापूर्वी माणूस स्वतःला विचारतो, ‘हे खरोखर काढायचे आहे का?’ फिल्मची सगळी शिकवण या एका प्रश्नात आहे.

गेल्या आषाढात पौर्णिमेच्या दिवशी मी पहाटे पनवेलहून एस.टी.ने निघालो. पळस्पे गेले, कर्नाळ्याचा सुळका ढगात हरवलेला दिसला. पेण, वडखळ, पोयनाड करीत अलिबागला उतरलो. पौर्णिमाच का निवडली, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर कोकणातल्या कोणत्याही नाखव्याला ठाऊक असते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून सहाच्या सुमारास भरती. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा येते; प्रत्यक्षात पौर्णिमा-अमावास्येला भरती बाराच्या आसपास भरते. हिशोबाचे कारण साधे आहे. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे मागे पडतो, आणि पाऊण तास हा त्याचाच ठोकळ आकडा. भरतीनंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. म्हणजे आपल्या या किनाऱ्यावर पौर्णिमेला आणि अमावास्येला ओहोटी येते ती सकाळी सहाच्या आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास, आणि याच वेळी उजेड तिरपा असतो. पाणी मागे गेलेले, वाळू ओली, तिच्यावर आभाळाचे प्रतिबिंब आणि बाजूने येणारा प्रकाश, हा योग पंधरवड्यातून एकदा जुळतो. त्यासाठी यंत्र लागत नाही, पंचांग पुरते.

किनारा रिकामा होता. मांडव्याला येणाऱ्या प्रवासी लाँची पावसाळ्यात बंद असतात. जूनच्या पहिल्या तारखेपासून जुलैअखेर एकसष्ट दिवस यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते. होड्या वर ओढून ताडपत्रीने झाकलेल्या होत्या. शहाळ्यांच्या गाड्या उलट्या करून ठेवल्या होत्या. समोर पाण्यात कुलाबा किल्ला उभा होता. शिवाजी महाराजांनी १६८० साली त्याचे बांधकाम सुरू केले आणि पुढे आंग्र्यांच्या आरमाराचे ते मोठे ठाणे झाले. हंगामात ओहोटीच्या वेळी लोक घोडागाडीत बसून किल्ल्यापर्यंत जातात. त्या दिवशी तिकडे जाणारे कोणी नव्हते, आणि जाऊही नये; पावसाळ्यातले पाणी केव्हा वळेल याचा भरवसा नसतो.

दुपारी भरतीच्या लाटा बंधाऱ्यावर आदळू लागल्या, तेव्हा मी पहिली काही चित्रे काढली. येथे उजेडाचा हिशोब सांगणे जरूर आहे. फिल्मच्या डबीवर एक अंक असतो. माझ्या रोलवर चारशे होता. नियम असा की कडक उन्हात भिंगाचे छिद्र सोळावर ठेवावे आणि पडद्याचा वेग त्या अंकाच्या जवळचा, म्हणजे सेकंदाचा पाचशेवा भाग, असा ठेवावा. ढगाळ हवेत छिद्र आठवर आणावे, दाट ढगांत साडेपाचाच्या जवळ, म्हणजे ५.६ वर. अंक लहान तितके छिद्र मोठे, हे नवख्याला उलटे वाटते, पण दोन दिवसांत अंगवळणी पडते. सोळावरून आठवर आले की चौपट उजेड आत येतो.

उजेड मोजणारे मीटरही असते, पण त्याच्या स्वभावाची ओळख हवी. मीटर सरासरीचा कारकून आहे. समोर काहीही असो, ते मध्यम करड्या रंगाचे आहे असे तो धरून चालतो. अलिबागची वाळू काळसर आहे. मीटरवर विसंबले तर ती करडी, फिकट निघते. लाटेचा फेस पांढरा आहे. मीटरवर विसंबले तर तो मळकट निघतो. म्हणून वाळूसाठी उजेड एक घर कमी करावा आणि फेसासाठी एक घर वाढवावा. सरासरीने पाहणारा ना काळ्याला न्याय देतो ना पांढऱ्याला. हे वाक्य लक्षात ठेवावे. शेवटी मला ते पुन्हा लागणार आहे.

आणखी दोन व्यावहारिक गोष्टी. खारे वारे आणि वाळू हे कॅमेऱ्याचे वैरी. किनाऱ्यावर भिंग बदलू नये. पुढे साधी काच लावावी आणि घरी आल्यावर ओलसर फडक्याने मीठ टिपून मग कोरडे पुसावे. दुसरे म्हणजे कोकणच्या दमट हवेत भिंगात बुरशी धरते. पावसाळ्यात कॅमेरा कातडी पिशवीत कोंडून ठेवण्यापेक्षा घट्ट झाकणाच्या डब्यात ओल शोषणाऱ्या सिलिकाच्या पुड्यांबरोबर ठेवावा.

दुपारी पाऊस लागला म्हणून मी एका बंद टपरीच्या पत्र्याखाली उभा राहिलो. तेथे सुक्या मासळीची टोपली घेऊन एक वयस्कर कोळीण बसली होती. तिने माझ्याकडे बघून विचारले, “दादा, आता कसले फोटू काढताव? इथं काय हाय? दसऱ्यानंतर या.” मी म्हणालो, “मावशी, गर्दी नसली की किनारा चांगला दिसतो.” ती हसली आणि म्हणाली, “गिऱ्हाईक नाय त्याला तुमी चांगलं म्हनताव व्हय?”

मला उत्तर सुचले नाही. तोपर्यंत मी बारा-तेरा चित्रे काढली होती आणि एकातही माणूस नव्हते. मी मोठ्या काळजीने माणसे टाळून चित्रे काढली होती. ज्या शांततेला मी सौंदर्य म्हणत होतो ती तिच्या घरची बेकारी होती. बंद पडलेल्या कारखान्याचे आवारही असेच शांत असते. तेथे गवत वाढते, पाखरे येतात. ते पाहून ‘किती रम्य जागा!’ असे कोणी म्हणाले तर आम्हा युनियनवाल्यांना राग येतो. आणि मी तेच करीत होतो.

पाऊस थांबल्यावर मी माणसे शोधू लागलो, आणि ती होती. एकजण होडीच्या तळाला डांबर लावण्यासाठी कोरडी वेळ पाहत बसला होता. दोघे जाळे सांधत होते. हंगामात येथे पर्यटकांचे फोटो काढणारा एक तरुण छत्री घेऊन नुसता फिरत होता. त्याचा धंदा फोनने निम्मा नेला होता आणि उरलेला पावसाने. या सर्वांना विचारून मी चित्रे काढली. विचारणे हा फोटोग्राफीतला पहिला शिष्टाचार आहे, आणि फिल्मवाल्याला तो जमतो, कारण त्याला घाई नसते.

पुढे एक घोडागाडीवाला भेटला. गाडीची चाके काढून ठेवलेली, घोडा झापाखाली बांधलेला. मी म्हणालो, “काका, घोड्याबरोबर तुमचा एक फोटो काढू?” तो म्हणाला, “नको. बसलेल्या माणसाचा काय फोटो काढता? जुंपलेला असताना या, मग काढा.” मग जरा थांबून म्हणाला, “चार महिने गाडी बंद, पण घोड्याचं तोंड बंद ठेवता येत नाही.”

त्या वेळी माझ्या रोलवर थोडी चित्रे उरली होती. संध्याकाळी ओहोटी लागली, पश्चिमेला ढग फाटले आणि ओल्या वाळूवर क्षणभर तांबूस उजेड पसरला. त्या उजेडात मी पस्तीसपर्यंत पोहोचलो आणि थांबलो. छत्तीसावे चित्र त्या गाडीवाल्याचे, असे मनाशी ठरवले आणि रोल तसाच ठेवून परतीची एस.टी. धरली.

परतताना एक गोष्ट मनात आली. याच अलिबागेत १९०४ साली चुंबकीय वेधशाळा स्थापन झाली. मुंबईत विजेच्या ट्राम येणार होत्या, त्यामुळे कुलाब्याच्या वेधशाळेतले वेध बिघडतील म्हणून ती येथे आणली. त्या काळी चुंबकाला जोडलेल्या बारीक आरशावरून उजेडाचा ठिपका फिरत्या फोटोच्या कागदावर पडे आणि पृथ्वीच्या चुंबकत्वाची रेघ आपोआप उमटे. पाऊस असो की ऊन, हंगाम असो की नसो, नोंद रोज व्हायची. पृथ्वीच्या नोंदीत एकाही दिवसाची रजा नाही. मग या किनाऱ्यावरच्या माणसांची आपली नोंद मात्र आठच महिन्यांची का असावी?

श्रमणाऱ्यांची नोंद ठेवण्यासाठी कॅमेरा यापूर्वी अनेकांनी वापरला आहे. अमेरिकेत लुईस हाइन १९०८ पासून गिरण्यांत आणि खाणींत राबणाऱ्या मुलांचे फोटो काढत हिंडला, आणि बालमजुरीविरुद्धच्या चळवळीला त्या फोटोंचा मोठा आधार झाला. १९४३ चा बंगालचा दुष्काळ देशाला दिसला त्यात सुनील जाना यांच्या फोटोंचा मोठा वाटा होता. आपल्या मुंबईत सुधारक ओलवे यांनी महापालिकेच्या सफाई कामगारांचे जीवन कॅमेऱ्याने लोकांपुढे ठेवले. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. माझी पस्तीस चित्रे त्या पंगतीत बसणारी नाहीत. पण वाट कोणाची आहे हे ठाऊक असलेले बरे.

आणि फिल्म बनवणारे हातही विसरू नयेत. आपल्या देशात फिल्म तयार व्हावी म्हणून १९६० साली सरकारने उटकमंडला हिंदुस्थान फोटो फिल्म्स हा कारखाना स्थापन केला. १९६७ पासून त्याचे उत्पादन सुरू झाले आणि ‘इंदू’ हे नाव घरोघर गेले. फिल्मवर लेप चढवण्याचे काम अंधारात करावे लागते, कारण उजेडाचा एक कवडसा आला तरी माल वाया जातो. डोळे असून डोळ्यांवाचून, हाताच्या अंदाजाने काम करणारे हे कामगार. पुढे डिजिटल कॅमेरे आले आणि मागणी आटली. अमेरिकेतल्या कोडॅकलाही २०१२ च्या जानेवारीत दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. उटीचा कारखानाही बंद पडला. चित्र आपण काढले असे आपण म्हणतो, पण त्या चित्रात अंधारातल्या त्या हातांचाही वाटा असतो.

असो. सुप्त चित्र थांबू शकते, हा फिल्मचा एक मोठा गुण आहे. उष्णता आणि ओल यांपासून जपले तर ते काही महिने टिकते. मी कॅमेरा डब्यात ठेवला आणि दिवाळी उलटल्यावर पुन्हा अलिबागला गेलो. किनारा माणसांनी फुलला होता. गाडीवाला घोडा जुंपून उभा होता. त्याने मला ओळखले, फेटा सारखा केला आणि म्हणाला, “आता काढा.” कडक ऊन होते, छिद्र सोळा, वेग पाचशे. छत्तीसावे चित्र काढले.

रोल मी घरीच धुतला. डेव्हलपरला वीस अंश उष्णता लागते आणि आपल्या नळाचे पाणी त्याहून गरम असते. म्हणून भांडे बर्फाच्या पाण्यात ठेवून ते थंड करावे लागते; न केल्यास चित्रे जरुरीपेक्षा काळी येतात आणि जिलेटिन फुगून सैल पडते. पट्टी दोरीवर वाळत घातली आणि उजेडात पाहिली. पस्तीस चौकटींत ढग, पाऊस, उलट्या गाड्या, बसलेली माणसे; आणि लगेच शेजारी, अर्ध्या बोटाच्याही अंतरावर नाही, उन्हातला जुंपलेला घोडा. हंगाम आणि बिनहंगाम एकाच पट्टीवर होते. मध्ये कात्री लावल्याशिवाय ती दोन वेगळी होत नाहीत.

मला सांगायचे ते इतकेच. हंगामी कामगार हा काही आठ महिन्यांचा माणूस नव्हे. त्याचे वर्ष आपल्यासारखेच बारा महिन्यांचे असते. हंगामातली त्याची कमाई पाहून ‘बरे चालले आहे’ म्हणणारा आणि पावसाळ्यातली त्याची स्थिती पाहून हळहळणारा, दोघेही अर्धीच पट्टी पाहतात. आणि दोन्हींची सरासरी काढणारा तो मीटरसारखा असतो. त्याच्या हिशोबात सारेच करडे होते. कमाई सरासरीने येत नाही, भूक मात्र रोज लागते.

हा प्रश्न सुटणारच नाही असे समजू नका. माथाड्याचे कामही असेच आज आहे, उद्या नाही, अशा प्रकारचे होते. अण्णासाहेब पाटलांच्या नेतृत्वाखाली माथाडी लढले आणि १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. मालक अनेक, काम अनियमित, तरी मंडळामार्फत मजुरी, भविष्यनिर्वाह निधी आणि रजा मिळू शकते, हे त्या कायद्याने दाखवून दिले. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमीचा कायदा १९७७ साली याच राज्याने केला. शेतात काम नसते तेव्हाही माणूस असतो, हे त्यात मान्य झाले. मग किनाऱ्यावरचा घोडागाडीवाला, शहाळेवाला आणि फोटोवाला यांच्यासाठी असे एखादे मंडळ का होऊ नये? हंगामातल्या प्रत्येक गिऱ्हाइकामागे थोडी रक्कम बाजूला पडली, तर पावसाळ्यात घोड्याचे दाणापाणी निघेल. मागणी मोठी नाही. मागणारे विखुरलेले आहेत, एवढीच अडचण आहे.

त्या छत्तीसाव्या चित्राची प्रत मी गाडीवाल्याला नेऊन दिली. त्याने ती बराच वेळ पाहिली आणि विचारले, “आणि पावसातली?” मी पट्टी पुढे केली. ती उजेडात धरून तो म्हणाला, “ती पण द्या. पोराला दाखवीन. त्याला वाटतं, धंदा म्हणजे नुसती दिवाळी.”

आपल्यापैकी कोणाच्या घरी माळ्यावर जुना कॅमेरा पडला असेल तर तो खाली काढा. येत्या आषाढात पंचांग पाहून पौर्णिमा गाठा, एक रोल घाला आणि किनाऱ्यावर जा. डाव्या हाताची गुंडी फिरते आहे ना, ते पाहा. समोरच्या माणसाला विचारा. तो नको म्हणाला तर त्याच्यासाठी एक चौकट राखून ठेवा आणि हंगामात परत जा. आणि परतताना मावशीच्या टोपलीतली सुकी मासळी घ्यायला विसरू नका.